मुलांकडे अमेरिकेला जाताय? मग यलोस्टोन असं बघा

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला जाऊन आलेल्या माणसाला बडोद्यात पहिला प्रश्न हमखास येतो: "मग, ज्वालामुखी पाहिला का?" अहो, पाहिला का काय विचारता, त्याच्यावरच तर राहत होतो, जेवत होतो, झोपत होतो. पण विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शाळेच्या पुस्तकातला डोंगर असतो, शंकूसारखा, टोकातून धूर सोडणारा. तो डोंगर शोधत बरेच जण तिथे पोचतात, सापडला नाही म्हणून हिरमुसतात, एक कारंजं बघतात, फोटो काढतात आणि "ठीक आहे" म्हणत परत येतात. एवढा खर्च करून "ठीक आहे"!

हा लेख मुलांकडे निघालेल्या आपल्या बडोदेकर आईबाबांसाठी आहे. व्हिसा हातात आहे, मुलगा-सून किंवा लेक-जावई गाडी चालवणार आहेत आणि उन्हाळ्यातले तीन-चार दिवस हाताशी आहेत, असं मी धरून चालते. माझं म्हणणं एकच आहे. ही जागा "पॉइंट" मोजत बघायची नाही. इथली जमीन स्वतःच्या वेळेने चालते. आपला दिवस तिच्या वेळेभोवती बसवला तरच सहल साधते.

१. ज्वालामुखी कुठे आहे ते घरीच समजून घ्या

पावागड आपण सगळ्यांनी चढलाय, निदान उडन खटोल्याने. तो डोंगर लाव्हाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे जे थर साचले, त्यांतलाच. वरच्या भागात रायोलाइट नावाचा, सिलिका भरपूर असलेला खडक आहे. यलोस्टोनच्या पठारावरही बहुतेक हाच खडक. पावागड कधीच निवला. यलोस्टोन आतून अजून तापलेलं आहे, एवढाच काय तो फरक.

तिथे तीन प्रचंड उद्रेक झाले: सुमारे २१ लाख, १३ लाख आणि ६.४ लाख वर्षांपूर्वी. शेवटच्या वेळी खालचा शिलारस इतका बाहेर पडला की वरची जमीनच खचली आणि सुमारे ७० किलोमीटर लांब, ४५ किलोमीटर रुंद असा खळगा झाला. याला कॅल्डेरा म्हणतात. नंतरच्या लाव्हाने तो बराचसा भरून गेला. सगळ्यांत अलीकडचा लाव्हा सुमारे ७० हजार वर्षांपूर्वी वाहिला. मग वर पाइनची झाडी वाढली, एका बाजूला मोठा तलाव साचला. म्हणून आपण उभे असतो ज्वालामुखीच्या पोटात, आणि दिसतं ते पठार, जंगल, नदी.

खळग्याची कड डोळ्यांनी बघायचीच असेल तर दोन जागा लक्षात ठेवा. एक गिबन फॉल्स, तिथे नदी जुन्या कडेवरूनच खाली पडते. दुसरी माउंट वॉशबर्नच्या रस्त्यावरचा वॉशबर्न हॉट स्प्रिंग्ज ओव्हरलुक. गाडीतून उतरलं की दक्षिणेकडे सगळा खळगा पसरलेला दिसतो. आणि हो, नकाशावर "मड व्हॉल्केनो" असं ठळक लिहिलेलं असतं. तिथे चिखलाचं उकळतं डबकं आहे, गंधकाचा वास आहे, बघण्यासारखंही आहे, पण ते ज्वालामुखीचं तोंड नाही. पुष्कळ जण तेवढं बघून ज्वालामुखी झाला असं समजतात.

"आणि फुटला तर?" हा दुसरा प्रश्न, बहुतेक वेळा घरातल्या आजींचा. २००१ पासून यलोस्टोन ज्वालामुखी वेधशाळा या जमिनीवर नजर ठेवून आहे. वर्षाला साधारण दीड ते अडीच हजार छोटे भूकंप नोंदले जातात, त्यांतले बहुतेक कुणाला जाणवतही नाहीत. खालचा शिलारस बराचसा घट्ट स्थितीत आहे आणि मोठ्या उद्रेकाची चिन्हं नाहीत. तुमच्या सहलीला खरी भीती आहे ती पायाखालच्या उकळत्या पाण्याची. त्याबद्दल पुढे सविस्तर.

२. महिना ठरवा

उद्यानातले बहुतेक रस्ते हिवाळ्यात मोटारींना बंद असतात. एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत ते एकेक करून उघडतात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पुन्हा मिटतात. फक्त उत्तरेचा, गार्डिनर गावाकडचा रस्ता मोटारींसाठी बाराही महिने चालू राहतो. म्हणून "दिवाळीला मुलांकडे जाणारच आहोत, तेव्हाच उरकू" हा बेत जमत नाही.

जून ते ऑगस्ट ही गर्दीची वेळ. नातवंडांच्या शाळांमुळे बहुतेकांना हीच वेळ सापडते, त्याला इलाज नाही. तुमच्या हातात असेल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा निवडा. गर्दी ओसरलेली असते आणि रस्ते सगळे उघडे.

थंडीला मात्र कमी लेखू नका. मे महिन्यात ४२ अंशांत घामाघूम होऊन विमानात बसलेल्या माणसाला खरं वाटत नाही, पण तिथे जूनमध्येही पहाटे पारा शून्याच्या आसपास उतरू शकतो आणि बर्फ कुठल्याही महिन्यात पडू शकतं. ओल्ड फेथफुल या प्रसिद्ध गरम कारंज्याची जागा समुद्रसपाटीपासून २,२४५ मीटर उंचीवर आहे. अबूच्या गुरुशिखराची उंची १,७२२ मीटर, म्हणजे त्याहूनही वर. पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागली तर घाबरू नका, हळू चाला, पाणी पीत राहा. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना या उंचीचा आकडा सांगून सल्ला घ्या. नुसतं "अमेरिकेला चाललोय" म्हटलं तर ते बिचारे न्यू जर्सी समजतात.

३. मुक्काम आतच करा, निदान एक रात्र

इथे मुलांशी थोडा वाद होईल, तयारी ठेवा. बाहेरच्या वेस्ट यलोस्टोन गावात हॉटेलं जास्त, जेवणाची सोय जास्त, म्हणून मुलं तिथेच खोली घेतात. पण तिथून ओल्ड फेथफुल ५० किलोमीटर आहे आणि गर्दीत तासाच्या वर जातो. सकाळी जाऊन, संध्याकाळी परतून तुम्ही बघता ती नेमकी गर्दीची वेळ. पहाटेची वाफ आणि संध्याकाळचं रिकामं बाकडं आत राहणाऱ्यालाच मिळतं.

आतल्या लॉजमधल्या खोल्या वर्षभर आधी भरतात. मिळाली नाही म्हणून सोडून देऊ नका. लोक बुकिंग रद्द करत असतात, म्हणून मुलांना रोज एकदा संकेतस्थळ बघायला सांगा. एक रात्र ओल्ड फेथफुलजवळ आणि एक कॅन्यनजवळ (नदीच्या खोल घळीपाशी) मिळाली तर सोन्याहून पिवळं.

खोली घेताना दोन गोष्टी नीट वाचा. ओल्ड फेथफुल इन ही १९०४ मध्ये उघडलेली ओंडक्यांची भव्य इमारत आहे, पण तिच्या जुन्या भागातल्या काही खोल्यांना स्वतंत्र न्हाणीघर नाही, व्हरांड्याच्या टोकाला सामायिक आहे. रात्री तीनदा उठणाऱ्यांनी विचार करावा. दुसरं, बहुतेक खोल्यांत टीव्ही नाही, एसी नाही आणि इंटरनेटच्या नावानेही बोंबच. मालिकेचे दोन भाग बुडतील.

४. कागदपत्रं आणि प्रवेशाचा पास

गीरला जसं आधी परमिट, ठरलेली वेळ, ठरलेली जीप, सोबत गाइड, तसं इथे काही नाही. आपली गाडी, आपला वेळ. दारावर पास दाखवायचा आणि आत. एका खासगी गाडीचं सात दिवसांचं शुल्क ३५ डॉलर.

पण २०२६ पासून मोठा बदल झालाय आणि जुन्या माहितीवर विसंबणारे इथेच फसतात. अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक पाहुण्याला यलोस्टोनसह ११ मोठ्या उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा आहेत. किंवा मग परदेशी पाहुण्यांसाठीचा २५० डॉलरचा वार्षिक पास घ्यायचा. अमेरिकेत राहणाऱ्यांना हाच वार्षिक पास ८० डॉलरला मिळतो, त्यासाठी तिथलं सरकारी ओळखपत्र लागतं. नवराबायको दोघं असाल आणि दक्षिणेला लागून असलेलं ग्रँड टेटनही बघणार असाल (बघाच, तेही त्या ११ मध्ये आहे), तर वार्षिक पास स्वस्त पडतो. मुलांच्या पासचा आणि तुमचा हिशेब कसा बसतो ते निघण्याच्या आठवड्यात उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर वाचून घ्या. ओळखीच्यांच्या व्हॉट्सअॅपवर विसंबू नका.

जवळ ठेवायचे कागद:

- मूळ पासपोर्ट, व्हिसाचं पान आणि आय-९४ ची (अमेरिकेत शिरल्याच्या नोंदीची) छापील प्रत
- प्रवासी आरोग्य विम्याची पॉलिसी, आणि तातडीच्या वेळी लावायचा दूरध्वनी क्रमांक वेगळ्या चिठ्ठीवर
- डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांची मूळ रासायनिक नावं लिहिलेली (आपल्याकडची ब्रँडची नावं तिथे कुणाला कळत नाहीत)
- लॉजच्या बुकिंगची छापील प्रत, कारण दारात पोचल्यावर मोबाइलला नेटवर्क असेलच असं नाही
- पास, आणि तो ज्याच्या नावावर आहे त्याचं ओळखपत्र

विम्याबद्दल एकच सांगते: आधीपासूनचे आजार त्यात धरलेत का, ते बघून घ्या. उद्यानात मॅमथ, ओल्ड फेथफुल आणि लेक इथे दवाखाने आहेत, पण मोठ्या इस्पितळापर्यंत रुग्णवाहिका न्यायची वेळ आली तर बिल डोळे पांढरे करील.

५. सामान

कपडे एकावर एक घालता येतील असे घ्या. आत पातळ लोकरी, वर स्वेटर, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. दुपारी गडगडाट होऊन सर येते आणि अर्ध्या तासात ऊन पडतं. साडी नेसायला माझी हरकत नाही, पण फळ्यांच्या वाटेवर वारा जोरात असतो, पदर आणि निऱ्या सांभाळत बाजूला उकळतं पाणी बघायचं म्हणजे तारांबळ. सलवार-कमीज किंवा पँट बरी. टोपीला हनुवटीखालून दोरी हवीच. दरवर्षी ढिगाने टोप्या कुंडांत उडून पडतात. पडली तर पडली म्हणा. हात पुढे करायचा नाही.

चष्मा असेल तर हे नक्की वाचा. वाफेतल्या तुषारांत सिलिका असतं. ते काचेवर वाळलं की पांढरा थर बसतो आणि निघता निघत नाही. मऊ फडकं खिशात ठेवा आणि ओलं असतानाच टिपून घ्या. मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही तेच.

रस्त्याकडेच्या स्वच्छतागृहांत बहुतेक ठिकाणी नळ नसतो. पाण्याची जादा बाटली, टिश्यू आणि हात धुण्याचं जेल गाडीत ठेवा. एवढ्या मोठमोठ्या मार्गदर्शिका छापतात, ही साधी गोष्ट कुणी लिहीत नाही.

जायच्या महिनाभर आधीपासून कमाटीबागेत रोज तासभर चाला, आणि जे बूट तिथे घालणार आहात तेच घालून चाला.

६. खाणं

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण कंटाळतो. लॉजच्या भोजनगृहांत सॅलड, पास्ता, भाज्यांचा बर्गर असं मिळतं, आणि गर्दीच्या दिवसांत जेवणासाठी रांग लावावी लागते. ठेपले, खाखरे, दशम्या, लिलो चेवडो, मेतकूट हे सगळं उपयोगी. गरम पाणी ओतलं की होणारे उपमा-पोहे नेले तर सकाळ सुटते. गरम पाणी भोजनगृहात मागितलं की देतात. खोलीत मात्र कुकर, शेगडी काही लावायचं नाही. जागोजागी सहलीची टेबलं आहेत, नदीकाठी बसून दुपारचं जेवण करा, त्यात खरी मजा आहे.

हे सगळं इथूनच नेणार असाल तर अमेरिकेच्या विमानतळावर खाण्याचे पदार्थ आहेत असं सरळ सांगा. ताजी फळं, भाज्या आणि कढीपत्ता चालत नाही. कढीपत्त्याची जुडी लपवून नेण्याचा आपल्या बायकांना भारी सोस, दंड होऊ शकतो.

७. रस्ता

आतला मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आहे, एकूण सुमारे २३० किलोमीटर. ऐकून वाटतं, अहमदाबादला जाऊन आल्यासारखं, एका दिवसात होईल. होत नाही. वेगमर्यादा ताशी ७२ किलोमीटर, बऱ्याच जागी त्याहून कमी, आणि मध्येच रस्त्यावर गव्यांचा (तिथल्या बायसनचा) कळप आला की तासभर खोळंबा. गव्यांना हॉर्न वाजवून हटवायचं नसतं, आपल्याकडच्या गायींनाही हटवून कुठे हटतात म्हणा.

पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरून घ्या. मोबाइलचं नेटवर्क मोठ्या ठाण्यांच्या आसपासच मिळतं, म्हणून राष्ट्रीय उद्यान सेवेच्या अॅपमध्ये यलोस्टोनचा नकाशा घरीच उतरवून ठेवा.

दिवसांची वाटणी मी अशी करीन: पश्चिमेकडून शिरा आणि पहिला दिवस पूर्ण ओल्ड फेथफुल ते मॅडिसन या पट्ट्याला द्या. दुसरा नॉरिस आणि मॅमथला. तिसरा कॅन्यन, हेडन व्हॅली, तलाव असं करत दक्षिणेकडून ग्रँड टेटनला बाहेर. चौथा दिवस असेल तर तो पहिल्या पट्ट्यालाच जोडा, नवीन ठिकाणाला नको.

८. फळ्यांच्या वाटेवरून खाली उतरायचं नाही

यलोस्टोनमध्ये १० हजारांहून जास्त गरम कुंडं, वाफेची भोकं, चिखलाची डबकी आणि गायझर म्हणजे उकळत्या पाण्याची कारंजी आहेत. गायझर ५०० हून अधिक, जगातल्या चालू गायझरांपैकी निम्मे एकट्या या उद्यानात. त्यांच्यामधून लाकडी फळ्यांची वाट नेलेली असते, तिला बोर्डवॉक म्हणतात. बहुतेक ठिकाणी ती सपाट आहे, गुडघे दुखणाऱ्यांनाही जमते आणि बऱ्याच भागात चाकाची खुर्चीही जाते.

आपल्याला गरम कुंडं परकी नाहीत. उनाईला जाऊन आपण अंघोळ केलेली असते, गोध्राजवळच्या टुव्याला पाय बुडवलेले असतात. नेमकी हीच सवय तिथे अंगाशी येते. टुव्याच्या कुंडांसारखं इथलं पाणी सोसण्याजोगं नाही. ओल्ड फेथफुलच्या उंचीवर पाणी सुमारे ९३ अंशांनाच उकळतं आणि कित्येक कुंडं त्याच तापमानाला असतात. नॉरिसकडचं काही पाणी वर तीव्र आम्लधर्मी. कडेची जमीन पांढरी, टणक दिसते, पण ती पातळ खपली असते आणि खाली उकळतं पाणी. आजवर २० हून अधिक माणसं या कुंडांत पडून किंवा उतरून भाजल्याने मेली आहेत. या उद्यानात निसर्गातल्या दुसऱ्या कुठल्याही गोष्टीने एवढी माणसं जखमी केलेली किंवा मारलेली नाहीत. २०१६ मध्ये नॉरिसला वाट सोडून गेलेला एक तरुण असाच गेला. म्हणून नातवंडाचा हात धरायचा, तो "सोड ना आजी" म्हणाला तरी.

पाण्यात बोट घालून "किती गरम आहे बघू" करायचं नाही. हात जोडून नाणं टाकायचं तर मुळीच नाही. मॉर्निंग ग्लोरी नावाचं कुंड एके काळी सुंदर निळं होतं. लोकांनी नाणी, दगड, कचरा टाकून त्याची खालची तोंडं बुजवली, पाणी निवत गेलं आणि कडेने पिवळा-केशरी रंग चढला. देवभावना मनात ठेवा, सुट्टे पैसे पाकिटात.

कधीकधी जमीनच अचानक उसळते. २३ जुलै २०२४ रोजी बिस्किट बेसिनमध्ये सकाळच्या वेळी ब्लॅक डायमंड पूलखालची वाफ फुटली आणि दगड-चिखल हवेत उडाला, बोर्डवॉक मोडला. लोक पळाले, सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. शिलारसाचा याच्याशी थेट संबंध नव्हता, तापलेल्या पाण्याची एकदम वाफ झाली म्हणजे असं होतं. एखादी वाट बंद असल्याची पाटी दिसली तर दोरी ओलांडून "जरा बघून येतो" म्हणणाऱ्या बाबांना कोपराला धरून मागे ओढा.

९. ओल्ड फेथफुल: एकदा नाही, दोनदा

गायझर चालतो तो असा: खूप खोल, अरुंद नळीत पाणी साचतं. वरच्या पाण्याच्या दाबामुळे खालचं पाणी नेहमीच्या उत्कलनबिंदूहून जास्त तापलं तरी उकळत नाही. मग वरून थोडं पाणी उसळून बाहेर पडतं, दाब उतरतो आणि खालच्या पाण्याची क्षणात वाफ होऊन सगळं वर फेकलं जातं. नळी रिकामी, पुन्हा भरणं सुरू.

ओल्ड फेथफुलचं पाणी ३० ते ५५ मीटरपर्यंत उडतं, दीड ते पाच मिनिटं चालतं आणि दोन वेळांमध्ये साधारण दीड तास जातो. पुढची वेळ माहिती केंद्राच्या फलकावर आणि अॅपवर लिहिलेली असते, दहा मिनिटं इकडे-तिकडे. उद्रेक थोडक्यात आटपला तर पुढचा लवकर येतो, लांबला तर उशिरा. हे कळलं की फलक न बघताही अंदाज बांधता येतो, आणि शेजारच्यांवर छाप पडते.

लोक काय करतात, तर येतात, गर्दीत उभे राहून बघतात, पाणी खाली बसायच्या आत पार्किंगकडे पळतात. तुम्ही पळू नका. पहिला उद्रेक समोरच्या बाकांवरून बघा. मग नदी ओलांडून मागच्या बाजूच्या बोर्डवॉकवरून सावकाश फिरा. बरीचशी सपाट वाट मॉर्निंग ग्लोरीपर्यंत सव्वादोन किलोमीटर जाते, आणि वाटेत कॅसल, ग्रँड, रिव्हरसाइड हे गायझर लागतात. यांच्याही वेळा फलकावर असतात. ग्रँड हा वेळ सांगता येणाऱ्या गायझरांतला जगातला सगळ्यांत उंच, ६० मीटरपर्यंत जातो. त्याची वेळ मोघम असते, तास-दीड तास बसावं लागतं. बसा. विणकाम न्या, खाखरे न्या. आमचे जावई घड्याळ बघत "आई, चला आता पुढे" म्हणत होते. ग्रँड उडल्यावर तेच म्हणाले, "दुसरा फवारा येतो म्हणतात, थांबू या." मग संध्याकाळी उन्हं कलल्यावर ओल्ड फेथफुल पुन्हा बघा. तेव्हा बाकं निम्मी रिकामी असतात.

१०. ग्रँड प्रिझमॅटिक: सकाळी पोचा, दुपारी बघा

फोटोत दिसणारं ते मोठं रंगीत कुंड हेच. रुंदी सुमारे ११२ मीटर. मधलं पाणी इतकं गरम की त्यात जवळपास काही जगत नाही, म्हणून निळंशार. कडेकडे पाणी निवत जातं तसे वेगवेगळ्या तापमानाला जगणारे सूक्ष्मजीव पिवळ्या, केशरी, तपकिरी पट्ट्यांत वाढतात.

अडचण अशी की गार सकाळी त्यावर वाफेचा पडदा असतो, रंग दिसतच नाहीत, आणि ऊन चढून रंग दिसायला लागले की पार्किंगला जागा नसते. उपाय: नऊच्या आत फेअरी फॉल्सच्या पार्किंगला गाडी लावा, सोबत न्याहारी घेऊन. तिथून एखादा किलोमीटर चालून, शेवटी थोडा चढ चढून वरच्या ओव्हरलुकवर जाता येतं. अकराच्या सुमारास वर असाल असं बघा. रंग वरूनच कळतात. खालच्या बोर्डवॉकवरून नुसती वाफ आणि कडा दिसते. वसंतात अस्वलांमुळे ही वाट मे अखेरपर्यंत बंद असते.

याच भागातल्या एका कुंडातून १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक या शास्त्रज्ञाने उष्णतेत जगणारा एक जिवाणू मिळवला. त्याच्यापासून मिळालेल्या विकरामुळे पीसीआर चाचणी सोपी झाली. करोनात आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून घेतली ना, त्या तपासणीचं मूळ इथल्या गरम पाण्यात आहे. नातवंडांना हे सांगा, आजीचा भाव वाढतो.

११. बाकीची ठिकाणं, थोडक्यात

नॉरिस हा सगळ्यांत तापलेला भाग. तिथला स्टीमबोट गायझर ९० मीटरच्या वर उडतो, पण दोन उद्रेकांत तीन दिवसांपासून ५० वर्षांपर्यंत काहीही अंतर पडू शकतं. त्याच्यासाठी थांबू नका.

मॅमथला चुनखडीच्या पांढऱ्या पायऱ्या आहेत. हा भाग कॅल्डेराच्या बाहेर आहे, जिने बरेच आहेत, गुडघे कुरकुरत असतील तर खालून बघून वरच्या भागाला गाडीने फेरी मारा.

कॅन्यनमध्ये नदी ९४ मीटर खाली कोसळते. आर्टिस्ट पॉइंटवरून धबधबा आणि दोन्ही बाजूंचे पिवळे कडे एकदम दिसतात, चालणंही फार नाही. धबधब्याच्या माथ्याशी नेणारी वाट मात्र नागमोडी उतरते, आणि उतरलात तेवढंच चढून यावं लागतं. मी वरूनच नमस्कार केला.

१२. प्राणी

अस्वल, लांडगा आणि कूगर (मोठी रानमांजर) यांच्यापासून ९१ मीटर, गवा, एल्क (मोठं हरीण) आणि बाकी सगळ्यांपासून २३ मीटर दूर राहायचं, हा कायदा आहे. भीती अस्वलाची वाटते, पण इथल्या प्राण्यांत माणसांना सर्वांत जास्त जखमी गव्यांनी केलंय. तो संथ चरत असतो, एखाद्या म्हशीसारखा वाटतो आणि माणसाच्या तिप्पट वेगाने धावतो. त्याच्याबरोबर सेल्फी नको. खायला घालणं गुन्हा आहे, चतकोर ठेपलासुद्धा. पहाटे उठायची सवय आपल्याला असतेच, तिचा उपयोग करा आणि सूर्योदयाला हेडन किंवा लमार व्हॅलीत दुर्बीण घेऊन पोचा. १९९५ मध्ये इथे पुन्हा आणून सोडलेल्या लांडग्यांचे वंशज लमारमध्ये दिसू शकतात. दुर्बिणी लावून बसलेली माणसं दिसली की गाडी थांबवा. विचारलं की आनंदाने दाखवतात.

१३. निघताना बॅगा तपासा

जंगलातल्या पायवाटांवर जाणार असाल तर अस्वलाला पळवणारा मिरचीचा फवारा जवळ ठेवतात. तो भाड्यानेही मिळतो, आणि भाड्यानेच घ्या. विमानात तो हातातल्या किंवा चेक-इनच्या, कुठल्याच बॅगेत चालत नाही.

दगड, शिंग, पाइनचं बोंड, कुंडाचं पाणी, काहीही बाहेर आणायचं नाही, तोही गुन्हाच. तीर्थाची बाटली भरून आणायची आपली सवय आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं. लहान मुलांचे खिसे आणि जाकिटांचे कप्पे आतल्या शेवटच्या थांब्यावर उलटे करून बघा. त्यात खडे निघतातच. ते तिथेच ठेवून मग दक्षिणेच्या दाराकडे निघा, आणि ग्रँड टेटनच्या आधी पेट्रोल भरून घ्या.